दुसरा साक्षीदार

राधाकृष्ण दरंदले कोपरगावला येतील की नाही, याची खात्री यशोधराला रविवारी सकाळी शिंगणापूरला पोचेपर्यंत नव्हती. फोनवर त्यांच्या सुनेने एवढंच सांगितलं होतं की म्हातारे हिंडतात-फिरतात, नीट जेवतात, पण बोललेलं कधी ध्यानात राहतं, कधी राहत नाही. यशोधराने राहात्याच्या ग्रामीण रुग्णालयातली आपली रविवारची पाळी दुसऱ्या नर्सला दिली, ओळखीतली एक गाडी भाड्याने घेतली आणि चहा न घेताच निघाली.

तिच्या वडिलांच्या, तात्यांच्या मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. त्यातले एक, कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल लावणारे गृहस्थ, दोन वर्षांपूर्वी वारले होते. दुसरे हे राधाकृष्णकाका. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये ते आणि तात्या, म्हणजे रंभाजी पगारे, तीसेक वर्षं शेजारी शेजारी फिटर म्हणून राबले. उद्या सोमवारी कोपरगावच्या कोर्टात काकांनी उभं राहून 'ही सही माझ्यासमोर झाली' असं सांगायचं होतं. त्यांना ते सांगता आलं नाही तर तो कागद सिद्ध करणं फार अवघड जाईल, असं वकील निकिता गुजर यांनी स्पष्ट बजावलं होतं.

काका पडवीत खुर्चीवर बसले होते. धुतलेला पायजमा-सदरा, डोक्यावर टोपी, मांडीवर कापडी पिशवी. सून म्हणाली, सहापासून असेच तयार होऊन बसलेत. यशोधरा पायाशी वाकली तेव्हा त्यांनी तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं.

"रंभाजीची पोरगी ना तू? जयभीम."

यशोधराच्या छातीवरचं अर्धं ओझं तिथेच उतरलं. उरलेलं अर्धं मात्र तिला गाडीतही पुरलं. काका सोनई मागे पडायच्या आत पेंगायला लागले आणि ती त्यांच्या शेजारी बसून राहिली. सहीबद्दल तिने त्यांना काही विचारलं नाही. साक्षीदाराला काही शिकवायचं नाही, त्याला जे आठवतं तेच त्याने सांगायचं, असं निकिताने सांगून ठेवलं होतं. पण खरं कारण वेगळं होतं. यशोधराला उत्तराची भीती वाटत होती.

तात्यांची सही ती पहिलीपासून पाहत आली होती. प्रगतिपुस्तकावर, तिच्या नर्सिंगच्या फॉर्मवर, सगळीकडे तीच ठसठशीत, शेवटच्या अक्षराखाली लांब रेघ ओढलेली. मृत्युपत्रावरची सही तशी नव्हती. अक्षरं सुटी सुटी, पाटीवर गिरवल्यासारखी, ओळीखाली घसरत गेलेली. तारीख होती चौदा सप्टेंबर दोन हजार एकवीस. सचिन, तिचा धाकटा भाऊ, त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोरोनात गेला होता. आणि कागदात लिहिलं होतं की कोपरगावचं घर सचिनच्या बायकोला, सायलीला द्यावं. आईचा त्या घरात मरेपर्यंत राहण्याचा हक्क. पुणतांबा रस्त्याची एक एकर जमीन थोरला मुलगा प्रवीण आणि यशोधराला निम्मी निम्मी. या सगळ्याची अंमलबजावणी यशोधराने करावी.

आठ महिने ती हा कागद घेऊन कोर्टात जात होती, आणि आठ महिने तिच्या मनात एक शंका होती जी तिने वकिलालाही सांगितली नव्हती. हा कागद तात्यांनी केलाच नसेल तर? घर ज्या बाईला मिळणार, तिनेच तो करवून घेतला असेल तर?

*

प्रवीण संगमनेरहून एसटीने निघाला तेव्हा बायकोने विचारलं होतं, जेवायला थांबणार का. त्याने माहीत नाही म्हणून सांगितलं. आईने, गीताबाईंनी, फोन करून बोलावलं म्हणून तो निघाला होता, एवढंच. कोर्टाची नोटीस आल्यापासून त्याने कोपरगावच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

ती नोटीस आली तो दिवस तो विसरू शकत नव्हता. शाळेची मधली सुट्टी होती. बेलीफ थेट शिक्षकांच्या खोलीत आला आणि सगळ्यांसमोर त्याने मोठ्याने विचारलं, प्रवीण रंभाजी पगारे कोण. सही करून कागद घेताना प्रवीणने वरचं नाव वाचलं. अर्जदार, यशोधरा. सख्ख्या बहिणीने आपल्यावर केस केली, असं त्या दिवशी संगमनेरच्या त्या हायस्कूलमधल्या सगळ्यांना कळलं. गणिताचे एक शिक्षक समजुतीने म्हणाले, प्रत्येक घरात असतं. त्या बोलण्याने त्याला जास्त लागलं.

त्याआधीचं असं होतं. तात्या गेल्यावर तीन आठवड्यांनी यशोधराने त्यांनी सांगून ठेवलेलं पाकीट कपाटातून काढलं आणि प्रवीणला फोन केला. त्याने कागदाचा फोटो मागितला, तिने पाठवला, आणि त्याने उलट लिहिलं, ही तात्यांची सही नाही. त्यानंतर दोघांचं बोलणं थांबलं. ती जमिनीची नोंद करायला महसूल कार्यालयात गेली, तर तिथे सगळ्या वारसांची संमती मागितली. प्रवीणने संमती दिली नाही. मग कोर्ट.

त्याच्या पिशवीत आता त्याच्या वकिलाने तयार केलेली हरकत होती. मृत्युपत्र बनावट आहे, सही खोटी आहे, त्या काळात वडील पुत्रशोकाने भानावर नव्हते. उद्या ती दाखल करायची होती. वकिलाने सांगितलं होतं की हरकत घेतली की हा साधा अर्ज राहत नाही, त्याचा दावा होतो आणि मग तो वर्षानुवर्षं चालतो. प्रवीणने चालू दे म्हटलं होतं.

घराच्या वरच्या दोन खोल्या बांधल्या तेव्हा प्रवीण बी.एड. करत होता. मे महिन्याच्या सुट्टीत स्लॅबला पाणी घालायला तोच होता, पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा, एकवीस दिवस. सचिन तेव्हा लहान होता, क्रिकेट खेळायला पळायचा. घर सायलीला जाण्याचं त्याला वाईट वाटत होतं हे तो नाकारत नव्हता. पण बसमध्ये बसून तो जे पुन्हा पुन्हा उगाळत होता ते वेगळंच होतं. तात्या जायच्या आधी तीन वर्षं दर रविवारी फोनवर बोलायचे. पाऊस कसा आहे, शाळा काय म्हणते. त्या सगळ्या रविवारांत त्यांनी हे एकदाही सांगितलं नव्हतं. कपाटातलं पाकीट त्यांनी मुलीला सांगितलं.

*

गीताबाईंनी कोणालाच सांगितलं नव्हतं की दुसराही येणार आहे. यशोधराला वाटत होतं, घरी फक्त वकील येतील आणि काकांचं शपथपत्र त्यांना वाचून दाखवतील. प्रवीणला वाटत होतं, आईला बरं नाही. अकराच्या सुमारास तो दारात आला तेव्हा पुढच्या खोलीत यशोधरा, राधाकृष्णकाका आणि काळा कोट हातावर टाकलेली एक तरुण बाई बसलेली होती. तो उंबऱ्यातच थांबला.

"बस," गीताबाई म्हणाल्या. "मी बोलावलंय समद्यांना. उद्या कोर्टात उभं राह्याचंय तर आज घरात बसा."

सायलीने पाण्याचे पेले आणले, प्रवीणच्या हातात दिला आणि आत निघाली. गीताबाईंनी तिलाही बसवलं. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींशेजारी आता तात्यांचा फोटो होता. सायली नेमकी त्याच्याखाली बसली आणि मग तिला अवघडल्यासारखं झालं, पण उठून जागा बदलणं आणखी वाईट दिसलं असतं.

निकिता गुजर चटकन उभी राहिली. प्रवीणला म्हणाली, सर, तुम्ही वेगळा वकील दिला आहे, त्यामुळे तुमच्याशी या कामाबद्दल मी परस्पर बोलणं बरोबर नाही. मी उद्या सकाळी येते. ती पिशवी भरायला लागली तेव्हा गीताबाईंनी तिचा हात धरला.

"त्याच्याशी नका बोलू. माझ्याशी बोला. मला अजून कळलंच न्हाई हे काय चाललंय ते. मला बी नोटीस आली कोर्टाची. माझ्याच पोरीनं मला धाडली. आमी एका ताटात जेवतो आन् ती मला नोटीस धाडती."

हे खरं होतं. नोटिशी एकाच दिवशी दोन आल्या होत्या, एक गीताबाईंच्या नावाची आणि एक सायलीच्या. बेलीफाने एकाच दारात दोघींचे सही-अंगठे घेतले होते. गीताबाईंनी त्या रात्रीपासून यशोधराशी नीट बोलणं सोडलं होतं आणि यशोधराला त्याचं कारण आजपर्यंत कळलं नव्हतं.

निकिता परत बसली. तिने खुर्ची गीताबाईंच्या समोर ओढली, प्रवीणकडे पाठ होईल अशी, आणि बोलायला लागली. प्रवीण पेला हातात धरून ऐकत राहिला.

तिने सांगितलं की ही केस नाही. यात कोणी कोणाच्या विरुद्ध नाही. माणूस गेल्यावर त्याच्या मागे कागद राहतो, आणि कागद स्वतःहून बोलत नाही. तेव्हा कोर्टाला विचारायचं की हा त्याचाच शेवटचा कागद आहे ना, त्यानेच शुद्धीवर असताना दोन माणसांदेखत सही केली आहे ना. कोर्टाने हो म्हणून शिक्का दिला की त्याला प्रोबेट म्हणतात. आपल्या भागात ते सक्तीचं नाही. पण महसूल कार्यालयात नोंद अडली होती, आणि एकदा प्रोबेट मिळालं की पुढे तीस वर्षांनी नातवंडांनाही कोणी त्या कागदाबद्दल विचारू शकत नाही, म्हणून तिनेच हा मार्ग सुचवला होता.

"मग आमाला नोटीस कशाला?" गीताबाईंनी विचारलं.

"कारण तुम्ही जवळच्या आहात. कोर्ट म्हणतं, ज्यांचा हक्क लागू शकतो त्या प्रत्येकाला कळवा. तुमच्या मुलीच्या हातात नव्हतं ते. तिने नावं दिली, नोटीस कोर्टाने काढली. पेपरातही जाहीर नोटीस दिली. कोणी नंतर म्हणू नये की मला माहीत नव्हतं."

प्रवीणने पेला खाली ठेवला. आपल्या आईलाही तसाच कागद आला होता, हे त्याला आत्ता कळत होतं.

सायलीने मग पहिल्यांदा तोंड उघडलं. ती एका इंग्रजी शाळेच्या कार्यालयात कारकून होती, बोलायला घाबरणारी नव्हती, पण हा प्रश्न तिने आठ महिने गिळला होता. उद्या कोर्टाने हा कागद मानला नाही, तर तिने आणि मुलीने घर कधी सोडायचं?

निकिता तिच्याकडे वळली. कोण म्हणालं तुम्हाला घर सोडायला, असं तिने उलट विचारलं. मृत्युपत्र नसतंच तर कायद्याने चार वाटे पडले असते. एक गीताबाईंचा, एक प्रवीणचा, एक यशोधराचा, आणि सचिनचा जो वाटा झाला असता तो सायलीला आणि तिच्या मुलीला. तिला बाहेर काढायचा अधिकार कोणालाच नव्हता, आजही नाही.

सायलीने मान हलवली. काही वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि भात बघून येते म्हणून उठली. कुकर लावून तिने कधीच उतरवला होता, हे गीताबाईंना माहीत होतं. त्यांनी तिला जाऊ दिलं.

*

राधाकृष्णकाका इतका वेळ भिंतीला टेकून बसले होते. निकिताने शपथपत्र आणि मृत्युपत्राची प्रत काढली, प्रत त्यांच्यापुढे धरून विचारलं, काका, या कागदावरची ही दुसरी सही तुमची का. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, माझी. मग तिने वरच्या सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ही कोणाची.

प्रवीण पुढे सरकला.

"रंभाजीची. डाव्या हाताची."

काकांना वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं.

"डाव्या हातानं केली त्यानं. उजवा पलस्तरात हुता न्हवं का. मी म्हणलं, कशाला तरास घेतो, अंगठा दे. तर म्हणला, तीस वर्षं हजेरीला सही केली मी, आन् आता अंगठा देऊ व्हय? चार दिवस जुन्या पेपरावर डावा हात गिरवत बसला हुता हितंच. मग गेलो कोर्टापाशी."

"तात्यांचा हात प्लास्टरमध्ये कधी होता?" प्रवीणने विचारलं. त्या खोलीत त्याने बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

मग ते सगळं हळूहळू बाहेर आलं. काका मधे थांबत, पुढचं-मागचं करत, पण त्यांचं काही चुकत नव्हतं. सचिन गेल्यानंतर गीताबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून प्रवीण त्यांना ऑगस्टमध्ये संगमनेरला घेऊन गेला होता. सायली मुलीला घेऊन येवल्याला माहेरी गेली होती. यशोधराला रुग्णालयातून श्वास घ्यायला सवड नव्हती. तात्या या घरात एकटे होते. सप्टेंबर लागता लागता ते न्हाणीत घसरले आणि उजवं मनगट मोडलं. काका तेव्हा मागच्या गल्लीतच राहायचे. त्यांनीच दवाखान्यात नेलं, पाच आठवडे दोन वेळचा डबा आणला, सदऱ्याची बटणं लावून दिली. आणि कोणालाही न सांगण्याची शपथ घेतली.

"म्हणला, गीता पोराकडं जरा सावरलीय. तिला कळलं तर पळत यील. पोरीला सुट्टी न्हाई. समदेच एका दुखण्यातून उठत्यात, त्यात माझा हात कुठं मधी आनू."

गीताबाई पायाच्या अंगठ्याकडे पाहत होत्या. त्या परत आल्या तेव्हा तात्या चहाचा कप डाव्या हाताने धरायचे. त्यांनी विचारलं तर म्हणाले होते, वय झालं. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचं मोडलेलं मनगट कळू नये, याचं त्यांना आत्ता फार वाईट वाटलं. आणि त्याचवेळी, का कोण जाणे, त्यांना थोडं हसूही आलं. असाच होता तो माणूस.

प्रवीण मात्र अजून थांबला होता. त्याने खालचा ओठ दातात धरला होता, लहानपणी गणित सुटेपर्यंत धरायचा तसा.

"काका," तो म्हणाला, "मला का नाही सांगितलं त्यांनी? हाताचं जाऊ द्या. हे कागदाचं."

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सांगनार हुता. फोन लावायचा आन् माझ्या हातात द्यायचा, म्हणायचा तू सांग. मी म्हणायचो, पोरगं तुझं, तू सांग. मग ठिवून द्यायचा. लई डाव झालं असं. एकदा म्हणला, राधाकृष्णा, ह्या घराच्या स्लॅबला पानी माझ्या प्रवीणनं घातलंय. सायली एकटी पडली, तिला घर देनं मला भाग हाय. पन त्याला कोनत्या तोंडानं सांगू की घर तुझं न्हाई?" ते थोडे थांबले. "लाजला तो तुला. दुसरं काय न्हाई."

प्रवीण उठला. सगळ्यांना वाटलं तो निघाला. त्याने पिशवी उचलली नाही, फक्त विचारलं, दवाखाना कोणता. काकांनी बसस्टँडच्या मागच्या हाडाच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. प्रवीणने चपला घातल्या आणि सायलीच्या स्कुटीची किल्ली मागितली.

*

तो गेल्यावर सायली स्वयंपाकघरात वांगी चिरत होती. यशोधरा आत आली, पाट ओढून बसली आणि लसूण सोलायला लागली. बाहेर निकिता काकांना शपथपत्र एकेक ओळ वाचून दाखवत होती.

"मला वाटलं होतं, तो कागद तू करवून घेतला," यशोधरा म्हणाली.

सायलीची विळी थांबली नाही.

"मला माहीत होतं, ताई. पाकीट उघडलं त्या दिवसापासून तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून बोलला नाहीत."

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते? मी येवल्याला होते, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी वाटायचं ते वाटलं. मलाही ती सही बघून वाटलं होतं, ही तात्यांची नाही. मला वाटलं, तुम्ही केलीत. माझी दया येऊन."

यशोधराने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सायलीही हसली. आठ महिने एका कागदाच्या दोन बाजूंना बसून दोघी एकमेकींना चोर समजत होत्या, आणि तरीही एक कोर्टात चकरा मारत राहिली, दुसरी तिला प्रत्येक तारखेला डबा देत राहिली. यशोधराने सोललेला लसूण तिच्या पुढ्यात सरकवला. तिला माफी मागायची होती, पण सायलीने त्याआधीच तिला विचारलं, वांग्यात दाण्याचा कूट घालू की खोबरं. यशोधरा म्हणाली, कूट घाल, दादाला कुटातलं आवडतं.

प्रवीण दीड तासाने परत आला. डॉक्टर बाहेरगावी होते, पण दवाखान्यातल्या जुन्या कंपाउंडरने आधी नाही म्हणून शेवटी माळ्यावरची रजिस्टरं काढली होती. प्रवीणने स्वतः धूळ झटकून दोन हजार एकवीसचं रजिस्टर पानापानाने पाहिलं होतं. त्याच्या सदऱ्याच्या बाह्या मळल्या होत्या. त्याने मोबाईल यशोधरापुढे धरला. तीन सप्टेंबर, रंभाजी पगारे, वय सत्तर, उजव्या मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर. सोबत आलेला माणूस, रा. दरंदले.

"हे पण लाव उद्याच्या कागदात," तो म्हणाला. "डॉक्टर आले की शिक्क्याची नक्कल देतो म्हणालेत."

यशोधराने फोन घेतला. ती काही बोलायच्या आत त्याने विचारलं, नोटीस येणार आहे हे एक फोन करून का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तू उचलला नसतास. तो म्हणाला, नसता उचलला. मग दोघं जेवायला बसली.

त्या दिवशी निकिताही जेवून गेली आणि प्रवीण, सकाळी परत येतो म्हणून, संध्याकाळच्या गाडीने संगमनेरला गेला. काकांना रात्री पुढच्या खोलीत झोपवलं आणि त्यांनी झोपेपर्यंत वर्कशॉपमधल्या तात्यांच्या गोष्टी सांगितल्या, त्यातल्या बऱ्याच तिन्ही बायकांनी कधी ऐकल्या नव्हत्या.

*

सोमवारी कोर्टात त्यांचा पुकारा साडेबाराला झाला. प्रवीणच्या वकिलाला सकाळीच फोनवर सगळं कळलं होतं. तो थोडा नाराज दिसला, पण त्याने दोन ओळींचा लेखी कागद दिला की माझ्या पक्षकाराची मृत्युपत्राला हरकत नाही. न्यायाधीशबाईंनी प्रवीणला पुढे बोलावून विचारलं, तुमच्यावर कोणी दबाव आणला आहे का. तो नाही म्हणाला. समजून सांगताय ना, असं त्यांनी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, हो, कालच समजलं.

मग राधाकृष्णकाका साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढले. शपथ घेतल्यावर सही कोणाची, कोणत्या हाताची, तेव्हा रंभाजी शुद्धीवर होते का, या प्रश्नांना ते भराभर उत्तरं देत गेले. शुद्धीवर कसे होते असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की टायपिंगवाल्याने पगारेमधला एक काना गाळला होता, तो रंभाजींनीच धरून दिला आणि पान पुन्हा टाईप करायला लावलं. न्यायाधीशबाई हसू दाबत खाली लिहायला लागल्या.

यशोधराचीही साक्ष झाली. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. आदेश पुढच्या आठवड्यात होईल आणि शिक्क्याची प्रत हातात यायला महिनाभर लागेल, असं निकिताने बाहेर आल्यावर सांगितलं. गीताबाईंनी तिला विचारलं, म्हणजे आता झालं का. निकिता म्हणाली, आजी, तुमचं झालं. आता कागदांचं उरलंय, ते मी आणि ताई बघतो.

पायऱ्यांवर काकांना घाम आला होता. यशोधराने त्यांना उसाचा रस पाजला आणि त्याच गाडीने शिंगणापूरला सोडायला निघाली. निघताना काकांनी गीताबाईंना हात जोडले.

"जयभीम, वहिनी. हाताचं तुमच्यापासून लपावलं, राग धरू नका."

"नसतं लपावलं तर मी आले असते," गीताबाई म्हणाल्या. "आन् त्यो कागद झालाच नसता. बरं केलं."

बाकीचे घरी आले. प्रवीणला चार वाजताची संगमनेर गाडी पकडायची होती. जेवण झाल्यावर तो, पाच मिनिटं पाठ टेकतो म्हणून, वरच्या खोलीत गेला. कॉटवर सायलीच्या मुलीची पुस्तकं पसरली होती, ती त्याने एका बाजूला केली आणि आडवा झाला. नोटीस आल्यापासून त्याला दुपारची काय, रात्रीचीही धड झोप नव्हती.

साडेतीनला सायली त्याला उठवायला गेली आणि दारातूनच परत आली. गीताबाई खाली जिन्यापाशी उभ्या होत्या.

"घोरतोय?" त्यांनी विचारलं.

सायलीने हो म्हणून मान हलवली. तात्यांसारखंच, असं ती म्हणाली.

मुलगी शाळेतून आली तेव्हा गीताबाईंनी तिला दप्तर हळू ठेवायला सांगितलं आणि टीव्ही लावू दिला नाही. चारची गाडी गेली. सव्वापाचचीही गेली. सायलीने प्रवीणच्या बायकोला फोन करून सांगितलं, दादा आज इथेच राहतील, आणि रात्रीच्या भाकरीचं पीठ चार माणसांचं घेतलं.